पंगतीतला श्लोक

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी पोंगल खाताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. कुंभकोणमच्या त्या कार्यालयात मांडवातलं नादस्वरम जेवणघरात ऐकू यावं म्हणून दोन स्पीकर लावले होते. खाली फरशी, वर पत्रा. तविलच्या थापेसरशी पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

लग्नाच्या पंगतीत सर्वांत वडीलधाऱ्याने श्लोक म्हणायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा, ही आमची रीत. आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांच्या पानात सांबार-रसम कधीचंच आलं, श्लोक मात्र मराठी राहिला. गेल्या काही लग्नांत तो ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. गोंगाटात यंत्र काढून बसतात, म्हणून आप्पांनी तो सोडून दिला, असं मी धरून चालले होते. निदान नातीच्या लग्नात त्यांनी तो म्हणावा, एवढंच मला हवं होतं.

मी तडक वाजवणाऱ्यांकडे गेले आणि जरा हळू वाजवा म्हणाले. माझं हे असंच, आधी बोलायचं आणि मग जीभ चावायची. मंगळसूत्र बांधताना अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून जे मुद्दाम जोरात वाजवतात, तेच हळू करा असं नवरीची आई सांगत होती. विहीणबाईंचा चेहरा उतरला.

वाढप्यांचा मुख्य, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, हे बघत होता. "अम्मा, त्यांना काही सांगू नका. जेवणघर माझ्याकडे आहे," तो तमिळमध्ये म्हणाला. पाहुण्यांच्या खोल्यांतले सगळे जमखाने आणून त्याने भिंतींवर आणि दारांवर टांगले. स्पीकर खाली उतरवून तांदळाच्या पोत्यांकडे तोंड करून ठेवले. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, कान दिला, आणि एका कोपऱ्यात आणखी एक जमखाना टांगला. वाद्य क्षणभरही थांबलं नाही. इतकं नेमकं काम मी क्वचितच पाहिलंय.

दुपारी नादस्वरम शेजारच्या घरातून यावं तसं येत होतं. आप्पांच्या कानात यंत्र होतं. पानावर भात पडला आणि त्यांनी बारीक, कापऱ्या आवाजात श्लोक म्हटला. सगळी पंगत हात आवरून ऐकत होती. माझे डोळे भरून आले.

"आप्पा, किती वर्षांनी म्हटलात," मी वाकून म्हणाले.

त्यांनी नवलाने पाहिलं. "सोडला कधीं होता? प्रत्येक लग्नांत म्हणतों की. तुम्ही जेवूं लागत होतां. मला वाटे, ऐकूनच जेवूं लागलां."