तिच्यासाठी सोडलेला समुद्र

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. राजनला नाही, मुलीला नाही, आईला तर नाहीच – ती बिचारी शेवटपर्यंत माझं कौतुकच करत राहिली. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, तिच्या समोर बसून मी रोज जेवत होतो. मीठ दे म्हणत होतो, लाइटबिल भरलंस का विचारत होतो – हे मात्र नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. ऐका, एवढंच.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून झाली. विंडसर्फिंगचं जुनं सामान ठेवायचं, की नवीन घ्यायचं? नवीन घेतलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे त्या उत्सुकतेपायी तुम्ही पुढे ऐकायला नको.

आमची बोरिवलीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीच्या आत घरं रिकामी करा, असा हुकूम आला आणि जिन्याखालची अडगळ बाहेर निघाली. त्यात माझा बोर्ड. पुरुषभर उंचीच्या दुप्पट लांब, एके काळी पांढरा, आता दुधावरच्या सायीच्या रंगाचा. किती सेक्रेटरी आले आणि गेले, प्रत्येकाने त्याच्यावर नोटीस चिकटवली, बोर्ड काही हलला नाही. भंगारवाल्याने बोटाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "साब, ये ना लोहा है, ना प्लास्टिक. इसका मैं क्या करूँ?" गेला हात झटकून.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांब फळी, तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड. फळीवर उभं राहायचं, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्यावर अंग टाकून द्यायचं. बस्स. एवढ्यासाठी आम्ही वेडे झालो होतो – मी, राजन आणि आणखी दोघं. राजनचा भाऊ मस्कतला होता, त्याच्या ओळखीने हे सामान आलं. आम्ही ते मार्व्याला एका ओळखीच्यांच्या अंगणात ठेवायचो, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी. परवा जिन्याखाली शीड उलगडलं तर त्याच्या घड्यांतून अजून तो वास आला. मी तिथेच पायरीवर बसलो. खोटं का बोलू – डोळ्यांत पाणी आलं.

काय दिवस होते ते! रविवारी सकाळपासून आम्ही किनाऱ्यावर नुसते लोळत असायचो. पाणी तेलासारखं संथ. मग जेवणं झाली की मनोरीच्या बाजूला, लांबवर, पाण्याचा रंग गडद व्हायला लागायचा – वारा आला! चौघंही उठून धावायचो. मनोरीची तरीची बोट आडवी जायची, तिच्यातले लोक हात करायचे, बाया खुदुखुदु हसायच्या. दांड्याला लटकून पाठ पाण्याला टेकेपर्यंत झुकायचं. खाली पाणी पळतंय, हातांत वारा थरथरतोय, आणि कानात दुसरं काहीच नाही. मेधा तेव्हा मालाडच्या बँकेत नवीन लागली होती. लग्न ठरायचं होतं. ती वाळूवर चपला काढून बसायची आणि मी परत आलो की म्हणायची, "तू तिकडे असलास की वेगळाच दिसतोस." मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं.

आता इथपर्यंत आलोच आहे, तर बोललं पाहिजे.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी राजनने आखूड बोर्ड आणले. वेगाने पळणारे, नवे. बाकीचे दोघंही त्यांच्यावर गेले. पण त्या बोर्डांची एक खोड होती – नुसतं उभं राहिलं की ते बुडायचे. माझ्या लांब बोर्डवर उभं राहून, दोरीने शीड वर ओढून घेता यायचं, सगळं सावकाश. आखूड बोर्डला ते चालत नाही. तिथे पाण्यात पाठीवर पडायचं, ओलं शीड डोक्यावर थोडं उचलून धरायचं, वारा त्यात भरतो आणि तोच तुम्हाला खेचून बोर्डवर उभं करतो. बाकीचे तिघं आठवड्याभरात शिकले.

मला ते जमलं नाही.

कधीच जमलं नाही. मी राजनचा बोर्ड त्याला न सांगता घेऊन, ऑफिसला दांडी मारून, एकटा जायचो – एक अख्खा हिवाळा. शीड तोंडावर आपटायचं, मी त्याच्याखाली सापडायचो, श्वास कोंडायचा, नाकातोंडात खारं पाणी. नंतर नंतर तर पाण्यात पाठीवर पडायची वेळ आली की मी बोर्ड घेऊन किनाऱ्याकडे परत फिरायचो. आणि रविवारी मित्रांसमोर काय म्हणायचो? "ही फॅशन तुमची तुम्हाला लखलाभ! खरं विंडसर्फिंग लांब बोर्डवरच." नाचता येईना अंगण वाकडं! पण त्यांना ते पटलं. माझी निष्ठा वाटली त्यांना. ते वाऱ्यासारखे पुढे निघून जायचे, मी मागून डुलत डुलत. मग मी एक रविवार चुकवला, मग दोन.

तेवढ्यात मेधाला दिवस गेले. बोलाफुलाला गाठ पडली. एका संध्याकाळी सगळे घरी जमले होते – माझी आई, मेधाचे आईवडील – आणि मी जाहीर केलं, "आता समुद्र बंद. घरात बाळ येणार, मी जीव धोक्यात घालायचा नाही." कुणी विचारलं नव्हतं हो! मेधा तर म्हणाली, "अरे, इतकं काय? जा की कधीमधी." पण सासूबाईंनी डोळे पुसले. जावई असावा तर असा, म्हणाल्या. पुढे मालवणपर्यंतच्या नातेवाइकांत ती गोष्ट पोचली. मी समुद्र सोडला – बायकोसाठी, बाळासाठी.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? कोण थापा मारत नाही? इथेच थांबलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं.

आमची मुलगी सई शाळेत जायला लागली त्या सुमाराला मेधाला प्रमोशन आलं. बदली रत्नागिरीला. तिचं माहेर तिथून जवळ, सईला सांभाळायला आजी, आणि मॅनेजरची खुर्ची. ती त्या दिवशी पेढे घेऊन आली होती. रत्नागिरीत शाळा कोणती चांगली, घर कुठे घ्यायचं, मी शनिवार-रविवार कसा येईन – सगळं तिने ठरवून टाकलं होतं. बोलताना हातातला पेढा खायची विसरली. आणि मला काय दिसत होतं? माझा डबा. रिकामं घर. ऑफिसात लोक म्हणणार, बायको साहेब झाली आणि हा एकटा राहतो.

मी आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणालो, "मेधा, मी तुझ्यासाठी समुद्र सोडला. कधी बोलून दाखवलं?"

झालं. तिने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने बँकेत लिहून दिलं, प्रमोशन नको म्हणून. पुढेही एकदा आलं, तेव्हा तर मला बोलावंही लागलं नाही. तिने ज्यांना काम शिकवलं ती पोरं तिची साहेब झाली. ती त्यांच्या वाढदिवसाला घरून गाजरहलवा करून न्यायची. मी चवीने उरलेला खायचो. रात्री झोपही लागायची मला – तेही सांगतो, कारण झोप उडाली होती असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मेधा गेल्या वर्षी निवृत्त झाली. आणि बोर्ड जिन्याखालून निघाला तेव्हा तिनेच उचल खाल्ली. "जुनं काढून टाक, नवीन घ्यायचं. माझ्यामुळे राहिलं ना तुझं." मी फाटे फोडले. म्हटलं, डोलकाठी अजून शाबूत आहे, नुसता खालचा रबरी सांधा तडकलाय. शिडाचं पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडून फुटलंय, पण तेवढं बदलून मिळेल. गुडघेही आता कुरकुरतात. ती कुठली ऐकते! मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. मी मनातून घाबरलो होतो. नवीन म्हणजे आखूड बोर्ड, आणि आखूड बोर्ड म्हणजे तिच्यासमोर पाण्यात पाठीवर पडणं.

तिने मार्व्याला शिकवणारी एक मुलगी शोधून काढली, श्वेता नावाची. सामान विकतेही, आधी चालवून बघायला देते. गेलो. श्वेता म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. आता बोर्ड आखूड आहेत, पण रुंद असतात ना, बुडत नाहीत. तुम्ही पूर्वीसारखं उभं राहून दोरीने शीड ओढा, झकास जमेल." मी बघतच राहिलो. मी काही शिकलो नव्हतो, पण इतक्या वर्षांत बोर्ड शिकले होते. म्हणजे आता कुणाला काही कळण्याची भीतीच उरली नाही. हवं ते घ्या, मजेत चालवा, आणि बायकोच्या हौसेने घेतलं म्हणून सांगा.

आणि जमलं की हो! दोनदा पडलो, तिसऱ्यांदा शीड भरलं. तेच पाणी, तीच थरथर हातांत. तरीच्या बोटीतून कुणीतरी याही खेपेला हात केला. त्या काही मिनिटांत मी इतका सुखी होतो की मला सगळ्याचाच विसर पडला. हे सगळ्यांत वाईट, नाही का?

परत आलो तेव्हा मेधा वाळूवर उभी होती. मोबाइल धरून माझा व्हिडिओ काढत होती आणि रडत होती. मी जवळ गेलो तशी माझा ओला दंड धरून म्हणाली, "माझ्यापायी किती वर्षं गेली रे तुझी. मला माफ कर."

ती माझी माफी मागत होती.

तेव्हा मी बोललो. तिथेच, अंगावरून पाणी निथळत असताना. आखूड बोर्ड, तो हिवाळा, शिडाखाली कोंडलेला श्वास, तिला दिवस गेले तेव्हा मला सापडलेलं निमित्त – सगळं. ती ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुला ते जमेना, म्हणून तू सोडलंस? मी सईच्या वेळी गरोदर होते, त्याच्या आधीच?"

"हो."

श्वेता पलीकडून विचारत होती, काकू, मग घेताय ना? मेधाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती खाली बसली, चपला पायात घालू लागली. एका चपलेचा पट्टा तिला लावता येईना. मी वाकलो तर तिने हाताने मला बाजूला केलं. पट्टा लावून झाल्यावर तिने वर पाहिलं.

"म्हणजे मी रत्नागिरीला जाऊ शकले असते," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.