सासूबाईंच्या खोलीतला दुसरा पलंग

आमच्या सासूबाईंना समुद्रात डुंबायचंय, ही बातमी मला धाकट्या जावेकडून कळली. एका घरात आम्ही राहतो, त्यांच्या गुडघ्यांना मलम मी चोळते, औषधं संपली की मी आणते, आणि त्यांच्या मनात काय आहे ते दुसऱ्या गावात राहणाऱ्या बाईनं मला फोनवर सांगायचं! वर म्हणते कशी, "ताई, तुम्हाला तर माहीतच असेल." मी म्हटलं, "हो तर!" माहीत नाही म्हणून सांगितलं असतं तर माझी काय शोभा राहिली असती?

सासूबाई म्हणजे आमच्या भागातल्या चावीबाई. सासरे अचानक गेले तेव्हा दोन्ही मुलगे लहान होते, आणि यांना पोहण्याच्या तलावावर नोकरी मिळाली. दारातच एक छोटी काचेची खिडकी. आत या बसलेल्या, पाठीमागे भिंतभर हुक आणि हुकांना कपाटांच्या चाव्या. लोक यायचे, चावी घ्यायचे, कपडे कपाटात ठेवून पोहायला जायचे, परत येताना चावी द्यायचे. सगळं आयुष्य त्या खिडकीत गेलं. हात कायम दमट, केसांना क्लोरीनचा वास, आणि पाण्यात मात्र पाऊल नाही. तलाव सुरू असताना यांना खिडकी सोडता येत नसे आणि बंद झाला की घरी पोरं वाट बघत असत. अजूनही रस्त्यात कुणीतरी टकला गृहस्थ थांबून "काय चावीबाई, ओळखलंत का?" म्हणतो, आणि या त्याला न ओळखता म्हणतात, "पोहण्याची टोपी घाला, मग सांगते."

त्या खिडकीचा एक नियम होता. आतून कुणाला हाक मारायची नाही. ज्याला चावी हवी तो काचेवर टकटक करून सांगेल. न सांगता उभा असेल तर उभा राहू दे, कुणाची तरी वाट बघत असेल, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं? तलावावर हे ठीक होतं. पण बाईंनी तोच नियम घरी आणला, त्याला काय करायचं? मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली तरी मी वाट बघत बसले, की कुणी म्हणेल, चल गं, जेवून घे. या स्वतः जेवल्या, ताट धुतलं आणि पेपर वाचत बसल्या. मला रडू यायचं बाकी होतं. आमचे हे म्हणाले, "अगं, भूक लागली तर सांगायचं की." सांगायचं! मी पण हट्टाची. ठरवून टाकलं, या विचारणार नाहीत तर मीही कधी मागणार नाही. आणि आजतागायत काही मागितलं नाही हो मी त्यांच्याकडे.

धाकटीचं तसं नाही. ती आली, दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, ती निळी शाल काय सुंदर आहे! मला द्याल?" आणि यांनी खुंटीवरची काढून तिच्या हातात दिली. मी त्या शालीकडे किती वर्षं बघत होते, ते माझं मला ठाऊक. हात लावून बघायची, घडी घालून ठेवायची. आणि ही बया तोंड उघडते काय आणि शाल घेऊन जाते काय! तेव्हापासून धाकटी हसली तरी मला दातांत खडा आल्यासारखं होतं. मुलगी वाईट नाही. तोच तर त्रास आहे.

तर यंदा दिराला मोठी सुट्टी मिळाली आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यानं उन्हाळ्याची सहल करायची, आईंना न्यायचं, असं दोघांनी ठरवलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबलावर टॅबलेट उभा करायचा, आणि पलीकडून धाकटी चित्रं दाखवणार. डोंगराच्या उतरणीवर एकावर एक रचलेली गुलाबी, पिवळी घरं. खाली निळंशार पाणी. लिंबांच्या बागा, पाण्याला लागून जाणारी छोटी गाडी, एका गावातून दुसऱ्या गावात नेणारी बोट. जूनमध्ये जायचं की जुलैमध्ये, बोटीनं फिरायचं की बसनं, यावर दीर आणि धाकटी वाद घालायचे. सासूबाई दोनच गोष्टी विचारायच्या. पाणी कोमट असेल का? आणि उतरायला कठडा आहे का?

पहिल्याच रविवारी दीर म्हणाला, "तिकडे हॉटेलात आईच्या खोलीत दोन पलंग असतील. सोबत कुणीतरी हवं. दादाला तर सुट्टी नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली, खोटं कशाला बोलू! पण एकदम हो म्हणायचं? बरं दिसतं का ते? मी म्हटलं, "माझं काय बाई, मला दुकान आहे." आता कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं, की यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, "दुकानाचं बघू गं, तू चल." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "मी येते की!" कोण म्हणून बघते तर धाकटीची आई. आमच्या विहीणबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही सगळ्यांना वर्गात बसवल्यासारखं बोलतात. स्क्रीनमध्ये डोकं खुपसून म्हणाल्या, "आपण दोघी एका खोलीत, विहीणबाई! मला पोहता येतं, मी तुम्हाला शिकवीन. काय धमाल येईल!" आणि आमच्या सासूबाई हसल्या. चक्क हसल्या! माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिल्या, असं हसल्याचं मला तरी आठवत नाही. विहीणबाईंना मी पहिल्यापासून पाण्यात पाहत आले होते, आता तर त्या खरोखरच पाण्यात उतरणार होत्या.

अंगाची नुसती आग झाली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी थोडी वाकवायची, स्क्रू आवळायचा, हे माझं काम. त्या आठवड्यात एका गृहस्थांची दांडी मी इतकी वाकवली, की ते "आई गं" करून ओरडले. गिऱ्हाईक नसलं की मी दुकानातल्या संगणकावर तोच किनारा बघत बसायची. कशाला बघतेस, असं स्वतःलाच म्हणायची आणि परत बघायची. बघता बघता मला तिथलं सगळं कळायला लागलं. किनारा बऱ्याच ठिकाणी वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, अनवाणी चाललं तर पाय सोलून निघतील. गावातून खाली पाण्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. घाटातली बस इतकी वळणं घेते, की आईंना उलटी होणार म्हणजे होणारच. एका गावात मात्र हॉटेलच्या अंगणातूनच शिडी थेट पाण्यात उतरते, दोन्ही बाजूंना कठडा.

हे सगळं मी कुणाला सांगणार? पुढच्या रविवारी भांडी विसळता विसळता भिंतीला म्हटलं, "गोट्यांवर चालायला रबरी बूट लागतात म्हणे. असो, आपल्याला काय!" धाकटीनं लगेच ऐकलं. "अय्या, ताई, हे मला सुचलंच नव्हतं!" मग त्याच्या पुढच्या रविवारी बस रद्द करून बोट ठरली, तीही मी भिंतीला सांगितल्यामुळे. शिडीवालं हॉटेलही असंच ठरलं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमची सून अगदी हुशार आहे हो!" तुमची सून! अहो, सहल मी आखायची, आणि माझ्या आखलेल्या खोलीत माझ्या सासूशेजारी लोळणार या! आमच्या ह्यांना म्हटलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुला जायचंय का?" मी म्हटलं, "मला कशाला जायचंय? माझं काय अडलंय?" ते म्हणाले, "मग झालं." या माणसाशी बोलून काही उपयोग नाही.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांची नावं पक्की करायची होती. मी त्या दिवशी सासूबाईंसाठी एक गोष्ट आणली होती. त्यांच्या नंबरच्या काचा घातलेला पोहण्याचा चष्मा. कुणी सांगितलं नव्हतं. पण चष्मा काढला की यांना समोरचा माणूस दिसत नाही, हे विहीणबाईंना थोडंच माहीत आहे! मी गेले आठ-दहा दिवस दुकानात जेवणाच्या सुट्टीत तो करत होते. दुपारी त्यांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा बसवायला लागले. पट्ट्यात केस अडकले, ते मीच हळूच सोडवले.

"घट्ट होतोय का?" मी विचारलं.

"नाही. छान बसलाय." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अगं, समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसतायत की मला! म्हणजे पाण्यातून काठावरचं माणूससुद्धा दिसेल."

"दिसेल ना. विहीणबाई दिसतील. बघत बसा त्यांच्याकडे."

म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. सासूबाईंनी तो चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून माझ्याकडे मान वळवली. एरवी मला हसू आलं असतं.

"तुला राग आलाय," त्या म्हणाल्या.

"मला कशाला राग येईल?"

"आलाय. इतके आठवडे बघतेय, दारं आपटतेस. मला वाटलं, मी कधी एकदाची जाते असं तुला झालंय."

मी पट्टा सोडून दिला. "असं वाटलं तुम्हाला?"

"मग काय वाटणार? या घरात आल्यापासून तू माझ्याकडे एक वस्तू मागितली नाहीस. एक शब्द मागितला नाहीस. धाकटी मागते, भांडते, गळ्यात पडते. तू नुसती उभी असतेस. मी म्हटलं, हिला माझ्याकडून काही नकोच आहे. कंटाळली असेल. मलम चोळून चोळून कोण नाही कंटाळणार? म्हणून तर हो म्हटलं त्या बाईला. म्हटलं, दोन आठवडे तरी ही सुटेल माझ्यातून."

 माझ्या मनात होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. "कंटाळले आहेच मी! रोज कंटाळते. त्या मलमाच्या वासाचा कंटाळा येतो, तुमच्या गप्प बसण्याचा येतो. पण म्हणून तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर जायचं? तुमच्या गुडघ्याला कुठे दाबलं की बरं वाटतं हे त्यांना ठाऊक आहे का? तुम्ही झोपेत बोलता हे ठाऊक आहे का? मला यायचंय. समुद्र बघायला नाही, समुद्र गेला खड्ड्यात. तुम्ही पहिल्यांदा पाण्यात उतराल, तेव्हा तिथे त्या असणार आणि मी इथे लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत असणार, हे मला सहन होत नाही. झालं? मागितलं मी. आता द्या नाहीतर देऊ नका."

एवढं बोलून मी रडायला लागले. आतल्या खोलीतून आमचे हे दारापर्यंत आले, आमच्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेले.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझं डोकं परत तापलं. म्हटलं, झालं, एवढं बोलून घेतलं आणि बाई आपल्या खिडकीतल्या खिडकीत. पण त्या उठल्या, टेबलाला धरून धरून टॅबलेटपर्यंत गेल्या. स्वतःहून कुणाला फोन लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठलं बटण दाबायचं तेही त्यांना नीट माहीत नव्हतं. दोनदा चुकलं, मी पुढे झाले तर हातानं मला बाजूला सारलं.

पलीकडे धाकटी आली. म्हणाली, "आई? काय झालं? आणि कपाळावर काय आहे ते?"

"नावं पाठवलीस?"

"आता पाठवतेय. तुमचं आणि माझ्या आईचं."

"थांब. माझ्या खोलीत थोरली येणार आहे."

धाकटी गडबडली. "पण ताई तर पहिल्याच दिवशी नाही म्हणाल्या होत्या. आणि आईनं पोहण्याचे कपडेसुद्धा आणलेत. तिला काय सांगू? ताईंनाच आता यायचंय, असं सांगू का?"

मी डोळे पुसले आणि हो म्हणायला तोंड उघडलं. माझ्यावर ढकलायची सोय होती, आणि मी ती घेणारच होते.

"तिचं नाव घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माझं नाव सांग. तुझ्या आईला वाईट वाटेल, मी स्वतः बोलेन तिच्याशी, माफी मागेन. पण तिला सांग, मला ही हवीय."