गुडघ्यातला पू

"तुम्हा लोकांचा गुडघा कामाच्या वक्तालाच सुजतो."

डॉक्टर सगळ्या पेशंटांसमोर म्हणाले. बाकावरची माणसं हसली. मीबी हसले. त्याची लाज अजून जात न्हाई.

लातूरच्या त्या हाडांच्या दवाखान्यात मी सहा वर्षं आया होते. निलंग्याकडची. उजवा गुडघा लाल, तापलेला. अंगात कणकण. लुगडं वर धरून उभी होते. डॉक्टरांनी वाकूनसुद्धा बघितलं न्हाई. कंपाउंडरला म्हणाले, "दुखण्याचं इंजेक्शन दे हिला. आन् फरशी पुसायला लाव."

मी फरशी पुसली.

काय झालंय ते मला ठाऊक होतं, हे जास्त वाईट. एकच सांधा असा तापला, वर ताप आला, की लगेच सुईनं आतलं पाणी काढतात, तपासायला धाडतात. उशीर झाला की पू सांधा खातो. एका कारखानदाराच्या आईला डॉक्टरांनी तासाभरात टेबलावर घेतलं होतं. ट्रे मीच धरला होता. तिच्यासाठी मी धावले. स्वतःसाठी तोंड उघडलं न्हाई.

चौथ्या दिवशी पाय टेकेना. शेजारणीनं धरून दवाखान्यात आणलं. मी सरळ पेशंटच्या खुर्चीत बसले.

"उठ तिथून."

"न्हाई उठत, सर. सुई घाला. पाणी तपासा."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत न्हाई. मागतेय."

बाहेरच्या बाकावरची माणसं वाकून बघायला लागली. डॉक्टरांनी सुई घातली. घट्ट, पिवळा पू आला. त्याच दुपारी सांधा उघडून धुतला. पुढं कैक दिवस शिरेतून औषध. पाय वाचला. गुडघा पुरता वाकत न्हाई.

घरी सोडताना सिस्टरनं सहीला कागद दिला. त्यात लिहिलेलं : 'रुग्णाने दुखणे चार दिवस अंगावर काढले.'

मी कागद परत सरकवला. "पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. डॉक्टरांनी बघितलं न्हाई. तसं लिहा."

"उगं कशाला वाढवतीस? नोकरी हाय तुझी इथं."

होती. आता न्हाई.

तक्रारीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिलाय. दर सोमवारी सरकारी कचेरीत जाते, पाय ताठ ठेवून बसते. साहेब म्हणतात, पुढच्या हप्त्यात या. मी जाते. ते खोटं वाक्य खोडल्याबिगर मी थांबणार न्हाई.