न विचारताच दिलेले अठरा मार्क

परवा माझी चांगलीच फजिती झाली... तीही नववीतल्या एका मुलीकडून.

मी धानोऱ्याजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. वार्षिक परीक्षेतले तोंडीचे मार्क वर्गात वाचून दाखवत होते. खरं सांगते, निम्म्या मुलांची तोंडी मी घेतलीच नव्हती. पोर्शन, ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती भरणं... वेळ कुठला? त्यांना सरसकट वीसपैकी अठरा देऊन टाकले. सगळे खूश!

मधल्या सुट्टीत सविता (नाव बदललंय) स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. घरी गोंडी बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी.

"मॅडम, मले तर तुमी काईच इचारलं नाई. मंग हे अठरा कायचे जी?"

मला वाटलं, हिला वीस हवेत. म्हटलं, "का गं, कमी पडले?"

"कमी नाई जी. माही तोंडी घ्या."

मी जरा चिडलेच... पण घेतली. विषय तिनंच निवडला, शाळेतला पहिला दिवस.

थांबत, अडखळत ती सांगत गेली. त्या दिवशी तिला खूप तहान लागली होती. घरी पाण्याला 'येर' म्हणतात, मराठीत कसं मागायचं ते तिला माहीतच नव्हतं. दोनदा बाईंच्या टेबलापर्यंत जाऊन ती परत आली आणि तशीच तहानलेली घरी गेली.

मी तोंडीच्या मार्कांचा तक्ता पुढे ओढला.

"आता किती जी?" तिनं विचारलं. तिनं जे सांगितलं त्याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. रकाने होते उच्चाराचे, ओघाचे. खोटं बोलायची हिंमत झाली नाही... "चौदा," मी म्हटलं.

पोरगी काय खुलली! "चालते जी. चौदाच लिवा."

इतकी वर्षं मला वाटायचं, सढळ हातानं मार्क देते म्हणजे मी प्रेमळ शिक्षिका. या मुलीला तर कुणीतरी नीट विचारायला हवं होतं, थांबून ऐकायला हवं होतं.

काल सकाळी पाहते तर स्टाफरूमबाहेर रांग. सगळे अठरावाले. "मॅडम, आमची बी घ्या ना जी!"

थँक यू सविता... वर्षभर तू माझ्या वर्गात होतीस, आणि तुझा आवाज मी परवा पहिल्यांदा ऐकला.