तोडीचा नंबर आणि आबांचं जहाज

आबांचं जहाज नौदलातून निवृत्त होणार, असा निरोप त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर आला आणि मी लगेच तयारीला लागले. दौंडहून गाडीची तिकिटं, बीपीच्या गोळ्या, कानाच्या यंत्राचे जादा सेल, इस्त्रीचा कोट. आबा माझे वडील. ते सणसरला एकटे राहतात. मी बारामतीत, एमआयडीसीतल्या नोकरीवर.

ते जहाज म्हणजे परदेशात बांधलेली विनाशिका, मोठी युद्धनौका. तिला आणायला गेलेल्या पहिल्या तुकडीत आबा होते. पुढं ती किनाऱ्यावर गस्त घालत राहिली, जुनी तोफ काढून तिच्यावर क्षेपणास्त्रं बसवली, एका वादळानंतर तिनं लोकांना पाणी पोचवलं. आबांची बहुतेक नोकरी तिच्या इंजिनखोलीत गेली, कानही तिथंच गेले. जहाज निवृत्त होतं त्या दिवशी सूर्यास्ताला झेंडा शेवटचा उतरवतात. तेवढं त्यांना बघायचं होतं. त्यांनी आणखी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सणसरला पोचले, तोच साखर कारखान्याचा माणूस सांगून गेला, उद्यापासून तुमची ऊसतोड. नंबर चुकला की पुन्हा कधी लागेल ते कुणी सांगत नाही, आणि उसाला तुरे आले होते, आता वजन घटत जाणार होतं.

"शेजाऱ्यांना सांगते. आपण जाऊ," मी म्हणाले.

"मालक फडात नसला की बुडखं वर ऱ्हात्यात," आबा म्हणाले. "जहाजाचं माझ्यावाचून आडत न्हाय."

मी तिकिटं रद्द केली. कोट कपाटात परत अडकवला.

तोड सुरू झाली. आबा तोडणाऱ्यांच्या टोळीच्या मागं वाकून जमिनीत राहिलेले बुडखे बघत फिरायचे. सगळं गाव त्यांना कॅप्टन म्हणतं, तसं टोळीचा मुकादमही म्हणायचा.

"कॅप्टन, सरका की बाजूला. कोयता लागला तर सलामी आमी द्यायची व्हय?"

"कॅप्टन न्हाय, इंजिनवाला. अन् खालनं घे, इतभर सोडतूयस!"

जहाजाच्या निवृत्तीच्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा आबा ट्रॉली मागं घ्यायला सांगत होते. मी घड्याळ बघितलं. त्यांनी नाही.

थोड्या वेळानं ग्रुपवर झेंडा उतरवतानाचा व्हिडिओ आला. आबांनी बांधावर बसून तो माझ्या फोनवर पूर्ण बघितला.

"आता कुठं लावणार तिला?"

"भंगारात जाईल, आबा."

"व्हय," ते म्हणाले आणि फोन परत दिला. मग मुकादमाला हाक मारली. "राहिल्यालं सकाळी घेताय न्हवं?"

"घेतो की."

"उजाडायला या. मी हाय हितं."