संदर्भ : स्मरणपत्रे क्रमांक एक ते सहा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी टोपी-पट्ट्याबरोबर खात्यात जमा करून आलो. एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. गुन्हा म्हणून ते किरकोळच. ना खून, ना दरोडा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरीही ते आठवलं की हातातला चहा तसाच निवून जातो.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि मी अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ, हजेरी चालू होती. कंट्रोलचा फोन आला की औद्योगिक वसाहतीतल्या एका काचेच्या इमारतीत बॉम्बची धमकी आली आहे, ई-मेलवरून. स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो. बॉम्बशोधक पथक आलं, श्वानपथक आलं, इमारत रिकामी केली. श्वानाने सहाव्या मजल्यावर एक पिशवी हेरली. तिच्यात सुकटाचा डबा निघाला.

धमकी आलेली कंपनी गरोदर बायकांना आणि नव्या आयांना दर शुक्रवारी ई-मेल पाठवायची. बाळ आता लिंबाएवढं झालं, आता बाळ मान धरेल, आता पालथं पडेल, असा सल्ला. आणि सल्ल्याच्या खाली झबली, पावडरी, खेळणी विकायला. तिथला प्रमुख तिशीचा असेल. त्याच्या कार्डावर हुद्दा छापला होता, ‘चीफ हॅपिनेस ऑफिसर’. आमच्या खात्यात पदांची एवढी मोठी उतरंड, पण आनंदाचा अधिकारी कधी नेमल्याचं ऐकलं नव्हतं.

त्याने धमकीचा मेल छापून हातात दिला. मी दोनदा वाचला.

“विषय : आपल्या कार्यालयात बॉम्ब ठेवण्यात येणार असल्याबाबत. संदर्भ : माझी स्मरणपत्रे क्र. १ ते ६. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संदर्भीय पत्रांत नमूद केलेले नाव येत्या शुक्रवारपूर्वी आपल्या यादीतून न वगळल्यास वरीलप्रमाणे कार्यवाही करणे भाग पडेल. कळावे.”

माझ्याबरोबरची उपनिरीक्षक मुलगी हुशार. खांद्यावरून वाचत म्हणाली, “सर, हा अतिरेकी नाही. हा हेडक्लार्क आहे.”

मेल एका नव्याकोऱ्या पत्त्यावरून आला होता. म्हणजे लपायचा विचार त्याने केला होता. पण आयुष्यभर ज्याने संदर्भाशिवाय कागद पुढे सरकवला नाही, त्याला धमकीही संदर्भाशिवाय देता आली नाही.

“ही स्मरणपत्रं कुठे आहेत?” मी आनंद-अधिकाऱ्याला विचारलं.

“सर, ती नो-रिप्लायवर गेली असणार. तिथे आलेलं कोणी बघत नाही ना.”

“मग तो पत्ता ठेवलाय कशाला?”

“पाठवायला.”

ती पेटी आम्ही उघडायला लावली. आत हजारोंनी पत्रं, एकही वाचलेलं नाही. बहुतेक बायकांची. ‘कृपया बंद करा.’ ‘चौथ्यांदा सांगतेय.’ ‘माझा गर्भपात झाला आहे, प्लीज.’ आमच्याकडेही अर्ज साठतात, पण निदान त्यांच्यावर आवक क्रमांक तरी पडतो.

त्यात सहा स्मरणपत्रं सापडली, क्रमाने. खाली पूर्ण नाव, मुलुंड पूर्वेचा पत्ता आणि फोन नंबर. आमचा सायबर सेल आयपी पत्ता मागवण्याचा मसुदा लिहीत होता, तोवर आरोपी सापडलासुद्धा.

मंगळवारी त्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात बांधलेली फाईल. सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात हयात गेलेली. बायको पूर्वीच वारलेली, मूळ गाव मालवणकडचं. समोर बसायला सांगितलं तरी उभाच.

“बसा काका. मेल तुम्हीच पाठवला?”

“होय. मी वाटच बघत होतो तुमची. उशीर केलात.”

“बॉम्ब कुठाय?”

“घरात साधा सुतळी बॉम्ब नाय साहेब. पण ह्यांना दुसरी भाषा कळत नाय. सहा पत्रांना उत्तर नाय, आणि सातव्याला चार मिनटांत तुमचा कुत्रा हजर!”

मग त्याने सांगितलं. मुलगी त्याच्याजवळच राहते. जावई बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. मुलीने तिसऱ्या महिन्यात या कंपनीकडे नाव नोंदवलं होतं. नात झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मेल थांबले नाहीत. घरातल्या कॉम्प्युटरवर मुलीचं मेलखातं उघडंच असायचं. ती घाटकोपरला ऑफिसला गेली की हा तिच्या नकळत ते मेल बंद करायला बसायचा.

“सोपं नाय हां ते. अगदी तळाला, मुंगीएवढी अक्षरं, तीही राखाडी. चष्म्यावर भिंग धरून शोधली. दाबलं तर विचारतात, का जाताय? खाली पाच कारणं. मेल फार येतात, आवडत नाहीत, असली. आमचं कारण त्यांत नाय. मग एक अस्वल येतं, रडणारं. आम्हाला तुमची आठवण येईल, म्हणतं. खाली मोठं गुलाबी बटण, ‘थांबते’. ‘तरीही जाते’ हे बारीक. पहिल्या वेळी मी गुलाबी दाबलं. आठवड्याला दोन मेल यायला लागले.”

“पुढे जमलं की नाही?”

“जमलं ना! चारदा जमलं. ‘आपले नाव वगळले आहे’ असं आलं. मी ते छापून फाईलला लावलंय, बघा. पण एक-दोन शुक्रवारांत मेल परत हजर. आणि पहिल्यांदा वगळल्यापासून काय करायला लागले ठाऊक आहे?” त्याने फाईलवर बोट आपटलं. “नाव घालायला लागले. पोरीचं नाव. आमची पोर तीन दिवस जगली साहेब. बाराव्या दिवसापर्यंत पोचलीच नाय. बारसं नाय, नाव नाय, जन्मदाखल्यावर रकाना कोरा आहे. आणि हे लिहितात, अमकी आता रांगायला लागेल. ह्यांच्या मशीनने बारसं केलं माझ्या नातीचं? कोणी अधिकार दिला? शुक्रवारी तिला वर्ष होईल. त्या दिवशी ह्यांचा मेल येईल, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून. माझी पोर कशीबशी उभी राहिली आहे. तो मेल तिने वाचता कामा नये. मग मला आत टाका.”

उपनिरीक्षकेने पाणी दिलं. जबाब नोंदवला, त्याने प्रत्येक पान वाचून सही केली आणि एका ठिकाणी आमची तारीख सुधारली. वय पाहता अटक केली नाही. हजर राहण्याची नोटीस दिली. गुन्हा मात्र नोंदवावाच लागला. बॉम्बच्या अफवेला आमच्या कायद्यात सहानुभूतीचा रकाना नाही.

बुधवारी मी स्वतः कंपनीत गेलो. एवढ्या वर्षांत मी शांत डोक्याने तपास करतो अशी माझी ख्याती होती. त्या दिवशी ती मी घालवली. वगळलेलं नाव चारदा परत घालता, वर मेलेल्या पोरीला नाव ठेवता? आनंद-अधिकारी म्हणाला, “सर, सिस्टिम असं स्वतःहून करू शकत नाही.” मी म्हटलं, प्रत्येक चोराची सिस्टिम असंच म्हणते. लेखी नोटीस दिली : म्हाताऱ्याच्या मुलीच्या ई-मेल पत्त्याच्या सगळ्या नोंदींची प्रत सादर करावी आणि तो पत्ता कायमचा बंद करावा. ‘कायमचा’खाली रेघ मारली. तिथल्या मुलाने माझ्यासमोर तीन बटणं दाबली. दोन मिनिटं लागली. मी बाहेर पडलो तेव्हा मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी मेल गेला नाही. मी खात्री करून घेतली.

शनिवारी नोंदींची प्रत आली. उपनिरीक्षक ती घेऊन माझ्या केबिनमध्ये आली आणि दार लोटून घेतलं.

“सर, म्हातारे काका खरं बोलतायत. चारही वेळा नाव निघालंय. सकाळी अकराच्या सुमाराला, घरच्या कॉम्प्युटरवरून. आणि चारही वेळा दुपारी एकनंतर परत घातलंय, पहिल्यांदा आठवड्याने, नंतर त्याच दिवशी. कंपनीने नाही. एका मोबाइलवरून. घाटकोपरहून.”

मी मोबाइलचा नंबर पाहिला. म्हाताऱ्याच्या जबाबात तो होता. मुलीचा.

त्याच संध्याकाळी तिला साक्षीदार म्हणून बोलावलं. उपनिरीक्षक शेजारी बसली. मुलगी शांत होती, घरी इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस, खांद्याला ऑफिसची बॅग. नोंदींचा कागद पुढे केला तर तिने तो नीट वाचलाही नाही.

“मीच घातलं,” ती म्हणाली. “बाबा काढतात ते मला कळायचं. पहिल्यांदा बंद झालं तेव्हा बरंच वाटलं. मग तो शुक्रवार गेला, आणि कुणीच तिच्याबद्दल काही बोललं नाही. घरात नाही, ऑफिसात नाही. नवऱ्याचा फोन येतो, तो जेवलीस का विचारतो. सगळे मला जपत होते. तिच्याविषयी लिहिणारं तेवढं एकच होतं. मशीन आहे, माहितीय मला. मी वेडी नाही, साहेब.”

“आणि नाव?” उपनिरीक्षकेने विचारलं.

“परत नोंदवताना फॉर्ममध्ये बाळाचं नाव विचारतात. ते भरल्याशिवाय पुढेच जाईना.” तिने बॅगेचा पट्टा सारखा केला. “मग ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत, पॅन्ट्रीत उभ्याउभ्या.”

ते नाव मी इथे लिहीत नाही.

“काल मी वाट बघत होते,” ती म्हणाली. “रात्रीपर्यंत. परत सुरू करता येईल का?”

मी तिच्यासमोर कंपनीला फोन लावला. आनंद-अधिकारी या वेळी खरंच दुःखी वाटला. म्हणाला, “सर, तुम्हीच तर कायमचं बंद करायला लावलं. तो पत्ता आता सिस्टिम घेतच नाही, मागचं सगळं पुसलंय.” फोनचा आवाज तिला ऐकू गेला असावा.

“राहू दे,” ती उठत म्हणाली. “बाबांना सांगू नका मात्र.”

मी नाही सांगितलं. पण दोषारोपपत्राची प्रत आरोपीला द्यावी लागते, कागदपत्रांसह. नोंदींचा तो कागद मी गाळू शकलो असतो. गुन्हा त्याच्या स्मरणपत्रांवर आणि आयपी पत्त्यावर सिद्ध होत होता. काही अधिकारी असं एखादं पान गाळतात. मी गाळलं नाही. हा प्रामाणिकपणा होता की अंगाबाहेर टाकणं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

पहिल्या तारखेला तो अंधेरी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. फाईल काखेत. मला बाजूला घेतलं.

“साहेब, मोबाइल नंबर तिचाच आहे.”

“हो, काका.”

“म्हणजे नाव तिने ठेवलंय.”

मी मान हलवली. त्याने फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

“एकदा जेवताना रागाच्या भरात मी बोललो होतो तिला. त्या मेलातलं नाव बघितलंस काय, कुणा गाढवाने ठेवलंय असलं नाव.”

“मग? ती काय म्हणाली?”

“काय नाय. मला भात वाढला.”

पुकारा झाला. त्याने चष्मा पुसला आणि आत जाऊन गुन्हा कबूल केला. वकिलाला बोलूही दिलं नाही. दंड झाला. पावती त्याने फाईलला लावली.

माणसं नको असलेल्या यादीतून बाहेर का पडू शकत नाहीत, याचं उत्तर मला त्या राखाडी मुंगी-अक्षरांत मिळालं असं वाटलं होतं, आणि ते खोटंही नाही. दार लपवणारे लबाड असतातच. त्या न वाचलेल्या पेटीतल्या बायका त्याला साक्षी आहेत. पण या तपासात मी शंभर प्रश्न विचारले. म्हाताऱ्याला विचारले, कंपनीला विचारले, सायबर सेलला विचारले. जिचं नाव त्या यादीत होतं, तिला ते काढायचं आहे का, एवढं विचारायचं राहिलं. तिच्या बापाला सुचलं नाही, कंपनीकडच्या पाच कारणांत ते बसत नव्हतं, आणि मला तर खात्रीच होती. तिच्या भल्याची खात्री असलेली आम्ही तीन माणसं होतो. तिला हवी असलेली एक ओळ आम्ही दोन मिनिटांत पुसली.