बेकरीऐवजी लाँड्री

व्हिडिओ कॉलवर सोनालीच्या मागे चादरींचा ढीग दिसत होता.

"मॅडम, मी अजून इथलं किचन पाहिलेलंच नाही," ती म्हणाली. तिला जाऊन अकरा आठवडे झाले होते.

मी लोणावळ्यातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर आहे. मुलांना इंटर्नशिप आणि नोकऱ्या मिळवून देणं हे माझं काम. सोनाली जवळच्याच कुरवंडे गावची, तिसऱ्या वर्षाला. केक, पेस्ट्री शिकायला म्हणून आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर गेलेली. तिथे तिला पहिल्या दिवसापासून लाँड्रीत उभं केलं होतं. रोज बारा तास. पासपोर्ट एच.आर.ने 'सेफ ठेवायला' घेतलेला. मनगटावर स्टीम प्रेसने भाजल्याचा लांबट डाग होता.

तिला तिथे पाठवणाऱ्या एजंटला मी फोन लावला.

"ट्रेनिंग प्लॅन बघा ना मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "तुमचीच सही आहे."

ट्रेनिंग प्लॅन म्हणजे कुठल्या विभागात किती आठवडे, ते लिहिलेला कागद. फाइल काढली. बेकरी, किचन, सर्व्हिस, सगळं नीट होतं. अगदी खाली एक ओळ होती : 'हॉटेलच्या गरजेनुसार विभाग बदलतील.' ही ओळ मी तेव्हा वाचली होती. सगळेच असं लिहितात, म्हणून सही केली होती.

प्रिन्सिपल सरांकडे गेले.

"पुढच्या बॅचला तिथे सहा जागा मिळतायत," ते म्हणाले. "तिला म्हणावं, काढ थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी सोनालीचे वडील आले. शेतातून तसेच आले असावेत, पायांना चिखल होता. खुर्चीवर बसले नाहीत.

"म्याडम, आदी फोनवर लय रडायची. आता रडत न्हाई. नुसतं व्हय-न्हाई करती. तुमीच सांगा, ठिवायची का आनायची?"

"आणूया, भाऊ. पण तिचं वर्ष जाईल."

"जाऊ द्या. पोरगी येऊ द्या."

मी हॉटेलला मेल केला आणि त्याची प्रत आपल्या दूतावासाला पाठवली. सरांना विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिला पासपोर्ट मिळाला. इंटर्नशिप अर्धवट, म्हणून सर्टिफिकेट मात्र मिळालं नाही. त्याशिवाय युनिव्हर्सिटी डिग्री देत नाही.

परत आल्यावर सोनाली माझ्या केबिनमध्ये आली.

"ती खालची ओळ तुम्हाला माहीत होती?"

"होती."

"मला सांगितलं असतं तरी मी गेलेच असते बहुतेक," ती म्हणाली. "पण जाण्याआधी हॉटेलला विचारलं तरी असतं, नक्की कुठे ठेवणार ते."

तिने पुन्हा इंटर्नशिप केली नाही. आता ती गावाजवळच्या एका मेडिकल दुकानात काउंटरवर असते. त्या सहा जागांच्या कागदांवर मी सही करायला नकार दिला. सरांनी स्वतः केली. सहाही मुलं गेली.

जाण्यापूर्वी त्यांना एकत्र बसवून मी प्लॅन शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. कागद आपण वाचला की आपलं काम संपलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.